तपशील गोपनीय

सत्तावीस वर्षांची बेरीज शून्य येऊ शकते, हे यांग दोक-बेला एप्रिलातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, तंत्रज्ञ नोंदणी कार्यालयाच्या काउंटर नंबर चारवर कळलं.

काउंटरमागच्या मुलीचा यात काही दोष नव्हता. तिनं त्याचा अर्ज दोन्ही हातांनी घेतला होता, बसायला खुर्ची दिली होती आणि त्याच्या ताठ पाठीकडे बघून आवाजही जरा खाली आणला होता. फक्त अर्जातला अनुभवाचा रकाना कोरा होता आणि तो भरल्याशिवाय तिला पुढचं पान उघडता येत नव्हतं.

"कामाचं ठिकाण, सर?"

"डोंगर."

"कोणता डोंगर?"

"ते सांगता येत नाही."

मुलीनं समजूतदारपणे मान हलवली. "बरं. ग्राहक कोण? म्हणजे काम कुणासाठी केलंत?"

दोक-बेनं थोडा विचार केला. "देशासाठी."

"आणि कामाची एकूण किंमत?"

"ती कुणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

मग त्यानं सैन्याकडून आलेला दाखला पुढे ठेवला. त्यावर मोठा लाल शिक्का होता, त्याचं नाव होतं, दोन तारखा होत्या आणि त्या दोन तारखांमध्ये मावलेल्या आयुष्याचं वर्णन एका ओळीत होतं: 'संचारविषयक कामे. तपशील गोपनीय.'

मुलीनं ती ओळ तीनदा वाचली. "सर, राग मानू नका, पण आमच्याकडे नुसता फोन उचलणाऱ्या मुलीचं कामही संचारविषयकच असतं." एवढं बोलून तिनं कळफलक बडवला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं: 'ग्राह्य अनुभव ०.० वर्षे.'

नुसतं शून्य असतं तर त्यानं गिळलं असतं. त्या दशांश चिन्हानं घात केला. म्हणजे कुणीतरी अगदी बारकाईनं, एका वर्षाचे दहा तुकडे करून मोजून पाहिलं होतं, आणि त्यातला एक तुकडाही त्याच्या वाट्याला आला नव्हता.

या नोंदणीच्या कार्डावाचून त्याचं खरं तर काही अडलं नसतं, पण अडलं ते शेजारच्या गुक साहेबांमुळे. गुक साहेब पोस्टातून निवृत्त झालेले. वोन्जू शहरातल्या त्या सहा इमारतींच्या वसाहतीत घडणारी प्रत्येक गोष्ट त्यांना घडण्याआधी कळायची. मोठ्या वसाहतींनी नोंदणीकृत संचार तंत्रज्ञ ठेवलाच पाहिजे असा नवा नियम निघाल्याची बातमी त्यांनीच आणली. "अहो सार्जंट, तुम्ही आयुष्यभर रेडिओच केलात ना? मग हा तर घरचा मामला. खाली कचेरीत उतरायचं, संध्याकाळी वर यायचं. बूटसुद्धा घालायला नकोत." दोक-बे चार महिने घरात बसून होता. या काळात त्यानं स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते, आणि त्याची बायको उन-सूक शांत स्वरात म्हणाली होती, "हानुलचे बाबा, एक तर तुम्ही नोकरी बघा, नाहीतर मी बघते."

वसाहतीचा व्यवस्थापक प्योन हा चाळिशीचा, सतत घामाघूम असलेला भला माणूस. त्यानं महिनाभराची कच्ची नेमणूक दिली. महिन्यात कार्ड आलं तर पक्की, नाही आलं तर बाहेरच्या कंपनीला ठेका. "कार्ड म्हणजे नुसती औपचारिकता, सर," प्योन म्हणाला होता. औपचारिकता हा शब्द जिथे जिथे ऐकू येतो तिथून माणसानं पळत सुटावं, पण सत्तावीस वर्षं सरकारी अन्न खाऊनही दोक-बेला एवढं शहाणपण आलं नव्हतं.

काउंटरवरून परतल्यावर गुक साहेबांनी त्याचा अर्ज मागवून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि निदान केलं. "तुमची भाषा चुकतेय, सार्जंट. 'थंडीत खांबावर चढून तार जोडली' असं कुठे लिहितात होय? 'प्रतिकूल हवामानात उंचावरील सुविधांचे व्यवस्थापन' असं लिहा. 'रात्रभर कान लावून बसलो' नाही लिहायचं. 'अखंडित सेवा-निरीक्षण' लिहायचं." दोघांनी मिळून पूर्ण पान भरलं. लिहून झाल्यावर दोक-बेनं ते वाचलं, आणि हा कुणी दुसराच माणूस आहे व तो आपल्याहून फार पुढे गेलेला आहे अशी त्याची खात्री पटली.

त्या माणसाच्या अर्जाचं काय झालं, हे नोंदणी कार्यालयात फोन करून विचारायचं म्हणजे आणखी एक पंचाईत. वायरलेसवर आपलं वाक्य संपलं की थांबायचं, समोरच्याला बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, हे दोक-बेच्या हाडात मुरलेलं. फोनवरची मुलगीही त्याच्याइतकीच सभ्य. तो थांबायचा, तीही थांबायची. एकदा दोघं मिनिटभर एकमेकांचा श्वास ऐकत बसले. शेवटी 'लाईन तुटलेली दिसतेय' असं स्वतःशी म्हणत तिनं फोन ठेवला, आणि दोक-बे ती बोलायला लागेल म्हणून आणखी थोडा वेळ वाट बघत राहिला.

इकडे कचेरीत प्योननं त्याला पहिलं काम दिलं ते गाड्यांच्या फाटकाचं. वसाहत जुनी, फाटक जुनं. प्रत्येक गाडीवाल्याकडे काडेपेटीएवढा रिमोट. बटण दाबलं की आडवा दांडा वर जायचा. गेल्या तीन आठवड्यांपासून बरोबर संध्याकाळी सहाला दांडा संपावर जायचा आणि आठला कामावर यायचा. सहा ते आठ ही नेमकी सगळं जग घरी येण्याची वेळ. फाटकाबाहेर रांग, भोंगे आणि शिव्या. यावर गुक साहेबांचा उपाय वसाहतभर पसरला होता: रिमोट हनुवटीखाली दाबून धरायचा, डोक्यातलं पाणी लहरी लांब फेकतं. त्यामुळे रोज संध्याकाळी चाळीसेक प्रतिष्ठित नागरिक हनुवटीला रिमोट लावून, दाढदुखी झाल्यासारखे, गाड्यांत बसलेले दिसत. कधीमधी दांडा उठायचाही. त्यामुळे उपायाची कीर्ती वाढत गेली.

"फाटक बनवणारी कंपनी बुडाली, सर," प्योन घाम पुसत म्हणाला. "तुम्हाला काही जमतंय का बघा."

दोक-बेनं फाटकाची पेटी उघडली, कान लावला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचा भाव आला. फाटक ठणठणीत होतं. कुठून तरी भरमसाट गोंगाट येत होता आणि त्या गोंगाटात बिचाऱ्या रिमोटचा आवाज बुडत होता. म्हणजे आसपास काहीतरी बेकायदा बरळत होतं. बरळणारा कुठे बसलाय ते शोधून काढायचं, एवढंच काम. जगात त्याला एखादी गोष्ट खरोखर येत असेल तर ती हीच.

त्यासाठी अँटेना हवी. उन-सूकचा कपडे वाळवायचा स्टँड गॅलरीत उभा होता. त्याच्या अॅल्युमिनियमच्या पाच काड्या दोक-बेनं मापात कापल्या, झाडूच्या दांड्यावर माशाच्या काट्यासारख्या बसवल्या आणि खाली स्वतःचा लहानसा रिसीव्हर जोडला. उन-सूक बाजारातून आली आणि ओले टॉवेल हातात घेऊन उरलेल्या सांगाड्याकडे बघत राहिली.

"हा माझा स्टँड होता."

"आता त्याचा देशाला... म्हणजे वसाहतीला उपयोग आहे."

"टॉवेल तुमच्या त्या माशावर घालू का मग?"

पुढचे चार दिवस दोक-बे संध्याकाळी सहा वाजता बाहेर पडायचा. अंगावर जुनं हिरवं जाकीट, हातात मासा, कानात तार. दहा पावलं चालायचा, थांबायचा, मासा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचा आणि वहीत लिहायचा: '१०४, आठवा मजला, १८:४०, क्षीण.' 'गच्ची १०२, १९:०५, मध्यम.' 'फाटकाजवळ, १९:२०, तीव्र. शत्रू जवळ आहे.' हे शेवटचं वाक्य त्यानं केवळ सवयीनं लिहिलं होतं. पुढे त्याचा फार विचार झाला.

गोंगाट एकशे तीन नंबरच्या इमारतीतून येत होता, यात शंका उरली नव्हती. पण एकशे तीनच्या दारात गेलं की सगळीकडूनच ओरडा ऐकू यायचा आणि मासा गांगरायचा. दोक-बेनं मजल्यामागून मजला पालथा घातला. फक्त चौथा वगळला, कारण तिथे तो स्वतः राहायचा, आणि शोधमोहिमेत आपली छावणी धरायची नसते.

चौथ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सव्वासातच्या सुमारास तो गच्चीच्या कठड्यापाशी मासा फिरवत असताना मागून कुणीतरी अतिशय अदबीनं म्हणालं, "काका, ते हातातलं खाली ठेवता का जरा?"

दोन पोलीस होते. समोरच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या मेंग आजींनी, वय वर्षं एक्याऐंशी, फोन केला होता. हेर दिसला की कोणता नंबर फिरवायचा हे त्यांच्या पिढीला लहानपणापासून तोंडपाठ. आयुष्यभर जपून ठेवलेला तो नंबर वापरायची संधी त्यांना त्या संध्याकाळी मिळाली होती.

चौकीत टेबलावर मासा, रिसीव्हर आणि वही मांडण्यात आली. तिघं एकत्र पाहिल्यावर दोक-बेला स्वतःलाही स्वतःचा संशय आला.

"काय करत होतात वर?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"गोंगाट शोधत होतो."

"आणि हा शत्रू कोण?"

"तो अजून सापडलेला नाही."

"बरं, आधी काय काम करायचात?"

"सैन्यात होतो. रेडिओ."

"कुठे?"

"डोंगरावर."

"कोणत्या?"

दोक-बेनं सैन्यात गुप्ततेची शपथ घेतली होती. शपथ ती शपथ. "सांगता येत नाही."

"काम नेमकं काय?"

यावर त्यानं खिशातला दाखला काढून दिला. अधिकाऱ्यानं 'तपशील गोपनीय' वाचलं, खुर्ची मागे सरकवली आणि उठून वरिष्ठांना फोन लावला. दोक-बे बाकावर बसून या प्रकाराचा विचार करू लागला. हीच उत्तरं, याच क्रमानं, त्यानं काउंटर नंबर चारवर दिली होती. तिथे त्यांचं वजन शून्य पूर्णांक शून्य भरलं होतं. इथे त्याच उत्तरांसाठी दोन माणसं दारात उभी केली होती. एकाच माणसानं एकाच आठवड्यात काहीच न केलेलं आणि फार काही केलेलं, अशा दोन्ही गोष्टी कशा खऱ्या असू शकतात, हे त्याला कळेना.

तेवढ्यात उन-सूक आली. पायात घरातल्या सपाता, विजार पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली. अधिकाऱ्यानं तिलाही बसवलं आणि सगळी हकिकत ऐकवली. गोंगाट रोज संध्याकाळचा, एकशे तीनमधून, इथवर ती ऐकून घेत होती.

"सहाला सुरू होतो?" तिनं मध्येच विचारलं.

"बरोबर सहाला," दोक-बे म्हणाला.

"आणि आठला थांबतो?"

"आठला. म्हणजे पुढचा माणूस शिस्तीचा आहे."

उन-सूकनं पदर असता तर तो तोंडाला लावला असता. नव्हता, म्हणून तिनं हात लावला. "हानुलचे बाबा, सहा ते आठ मी पाय त्या मशीनमध्ये घालून बसते."

"कोणत्या?"

"पाय चेपायच्या. तुम्हीच आणलीत ना मार्चमध्ये, जुन्या बाजारातून. तिचा अडॅप्टर नव्हता, तर तुम्ही दुसरा बसवलात. रात्र जागून. 'असला अडॅप्टर बाजारात मिळायचा नाही' म्हणालात."

अधिकाऱ्यानं पेन उचललं, जरा थांबला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "म्हणजे कारण काय लिहू? पत्नीचे पाय?"

"अडॅप्टर लिहा," दोक-बे खालच्या मानेनं म्हणाला.

तरीही सुटका व्हायला कागद हवा होता. पोलिसांनी त्याच्या जुन्या तुकडीला रीतसर विचारणा केली, आणि तासाभरात फॅक्समधून दोन पानं बाहेर आली. अधिकाऱ्यानं ती मोठ्यानं वाचली. सदर व्यक्तीनं अमुक साली अमुक केंद्र उभारलं. हिमवादळात तुटलेला संपर्क अकरा तासांत परत जोडला. भरकटलेल्या लहरींचा माग काढण्यात तुकडीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकशे चाळीस जणांना त्यानं हे काम शिकवलं. दोन्ही पानं वर्षांसकट, आकड्यांसकट भरलेली. दोक-बे ऐकत राहिला. हे सगळं आपण केलं, हे त्याला ठाऊक होतं. पण कुणीतरी ते लिहून ठेवलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. उन-सूकनं तर यातलं अक्षरही कधी ऐकलं नव्हतं. तिनं मशीनमधून निघालेला एक गरम पाय हळूच त्याच्या बुटाला टेकवला.

"याची एक प्रत मिळेल का?" त्यानं विचारलं.

"नाही हो काका," अधिकारी खरंच ओशाळला. "हे चौकशीचे कागद. गोपनीय असतात."

दुसऱ्या दिवशी दोक-बे स्वतःहून प्योनसमोर उभा राहिला. लपवणं शक्य होतं. अडॅप्टर त्यानं आदल्या रात्रीच हातोडीनं ठेचला होता आणि फाटक आता कबुतरासारखं उडत होतं. पण त्याच्याच्यानं ते झालं नाही.

"दोष सापडला. एकशे तीन, चारशे दोन."

प्योननं यादी बघितली. "हे तुमचंच घर ना?"

"हो."

"म्हणजे बिघाडही तुम्हीच केलात आणि दुरुस्तीही तुम्हीच?"

"हो."

प्योन बराच वेळ घाम पुसत राहिला. "तक्रारवहीत मी 'दुरुस्त झाले' एवढंच लिहितो," तो शेवटी म्हणाला. "वहीला तेवढाच रकाना आहे." गुक साहेबांनी मात्र ही गोष्ट त्यांच्या पद्धतीनं सहाही इमारतींत पोचती केली. त्यानंतर आठवडाभर जिन्यात भेटेल तो माणूस उन-सूकच्या पायांची प्रकृती विचारायचा आणि दोक-बे भिंतीकडे बघून उत्तर द्यायचा.

पोलिसांच्या कागदासाठी माहिती मागवायचा रीतसर अर्ज करावा लागला. स्वतःबद्दलची माहिती स्वतःला का हवी आहे, त्याचं कारण तिथे लिहायचं होतं. दोक-बेनं 'कळावे म्हणून' असं लिहिलं. महिना संपायला दोन दिवस उरले असताना पाकीट आलं, आणि तो ते घेऊन पुन्हा काउंटर नंबर चारवर गेला.

मुलीनं दोन्ही पानं वाचली, वरचं शीर्षक वाचलं आणि डोळे मोठे केले. "सर, अनुभवाचा दाखला म्हणून पोलीस चौकशीचा अहवाल याआधी कुणी आणला नव्हता. तुम्ही दोषी होता का?"

"नाही."

"मग चालेल बहुतेक." ती आत जाऊन कुणाला तरी विचारून आली, पडद्यावर बराच वेळ काहीतरी भरत राहिली, आणि अखेर तिनं तो वळवला. 'ग्राह्य अनुभव १८.९ वर्षे.' सैन्यातल्या कामाचे दहातले सातच धरतात, असं तिनं समजावून सांगितलं. उरलेली आठ पूर्णांक एक वर्षं कुठे गेली, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण मागे रांग होती. ती वर्षं बहुधा डोंगरावरच राहिली असावीत, अशी स्वतःची समजूत घालत तो कार्ड घेऊन बाहेर पडला.

नेमणूक पक्की झाली त्या सोमवारी दुपारी मेंग आजी कचेरीत आल्या. काठी दाराशी टेकवून ठेवली आणि रुमालात बांधलेलं ताट टेबलावर ठेवलं. तांदळाच्या उकडलेल्या वड्या होत्या, वर लाल घेवड्याचा चुरा.

"मी फोन केला म्हणून राग आला का रे?"

"नाही आजी. बरोबरच केलंत. मीसुद्धा तेच केलं असतं."

"तुझं जाकीटच तसं आहे." त्या बसल्या. उठायचं मात्र नाव घेईनात. त्यांनी टेबलावरचा रिसीव्हर बोटानं चाचपून पाहिला. "तू म्हणे उत्तरेच्या हद्दीजवळ होतास. गुक सांगत होता."

"ते सांगता येत नाही, आजी."

"नको सांगूस. उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईनं मला पाठीवर घेतलं. ताईला तिकडेच आजीपाशी ठेवलं. चार दिवसांत परत येऊन घेऊन जाऊ म्हणाली." आजींनी रिसीव्हर जागच्या जागी सरळ ठेवला. "तिकडचं काही ऐकू यायचं का रे तुला?"

दोक-बेच्या जिभेवर ते सवयीचं वाक्य तयार होतं. काउंटरवर ते बोललं गेलं होतं, चौकीत बोललं गेलं होतं. इथेही तेच बोलणं नियमाला धरून झालं असतं. त्यानं दाराकडे बघितलं. प्योन बाहेर फाटकापाशी कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"कधी कधी," तो म्हणाला. "हवा बदलली की आपोआप घुसायचं."

"काय ऐकू यायचं?"

"तिकडच्या रेडिओवर एक बाई असायची. नुसते आकडे वाचायची, रात्रीच्या रात्री. वाचता वाचता चुकायची. चुकली की तिच्या शेजारी बसलेली कुणीतरी हसायची, मग तिलाही हसू यायचं. दोघी हसत सुटायच्या. मग पुन्हा पहिल्यापासून आकडे."

आजींचे ओठ हलत होते, जणू त्याही आकडे मोजत होत्या.

"हसायच्या म्हणजे अगदी मोठ्यानं?"

"अगदी मोठ्यानं. मलाही हसू यायचं. इकडे मी एकटाच असायचो."

आपण शपथ मोडली की नाही, मोडली असेल तर किती मोडली, दहातली सात की पूर्ण, याचा हिशेब दोक-बेला लागेना. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"हे तुझ्या त्या पोलिसांच्या कागदात लिहिलंय का?" आजींनी विचारलं.

"नाही, आजी."

"मग अर्धवटच आहे तो कागद," आजी म्हणाल्या आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. "खा. गरम आहेत तोवर."